दूरच्या दाराची किल्ली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द आता आपल्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेला शेतकरी, रेशनच्या दुकानात अंगठा लावायला उभी राहिलेली म्हातारी, बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेले निवृत्त गुरुजी, सगळ्यांनी ते ऐकलेले आहेत. ऐकले की माणूस कागद पिशवीत घालतो आणि ‘उद्या येतो’ म्हणून निघतो. पावसाळा लागला की मांडव्याहून गेटवेला जाणारी लाँच बंद होते, तसेच काहीसे हे, असे आपण धरून चालतो. समुद्रावर कोण रागावणार?

पण लाँच का बंद आहे हे आपल्याला ठाऊक असते. सर्व्हर का बंद आहे हे कुणी सांगत नाही, आणि सांगितले तरी ते आपल्या भाषेत नसते. खरे तर त्या एका वाक्याच्या पोटात दहा निरनिराळी दुखणी लपलेली असतात. वीज गेली, यंत्र जळाले, तार तुटली, गर्दी झाली ही त्यातली ओळखीची. आज मला एकाच, जरा चमत्कारिक दुखण्याविषयी बोलायचे आहे. यंत्र धडधाकट आहे, वीज आहे, तार शाबूत आहे. पण ज्याने दुरून त्याची देखभाल करायची त्यालाच आत शिरता येत नाही. आणि हे घडते केव्हा, तर त्याने त्या यंत्रात सुधारणा केल्यावर लगेच. मी कवितेत रमणारा, बी.ए. झालेला माणूस, यंत्रविद्येतला जाणकार नव्हे. तरी हा विषय मला परका वाटला नाही. आपल्या भागातल्या घराघरांनी तो वेगळ्या रूपात पिढ्यान् पिढ्या जगलेला आहे.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, अलिबाग, कुठल्याही गावात जा. घरातला कर्ता पुरुष मुंबईला, बोटीवर किंवा आखातात. कधी कधी सगळे कुटुंबच तिकडे, आणि घराला कुलूप. अशा कुलपाच्या दोन किल्ल्या असतात. एक मालकाच्या बॅगेत आणि दुसरी शेजाऱ्याकडे. कौल सरकले, पाण्याचा नळ फुटला, मीटर बघायला माणूस आला, की शेजारी दार उघडतो. आता समजा, दूर बसलेल्या मालकाने चोरीच्या भीतीने कुणाकडून तरी नवे, भक्कम कुलूप लावून घेतले आणि नवी किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची राहिली. घरातले काहीही हललेले नाही. चोरी झाली नाही, भिंत पडली नाही. पण नळ फुटला तर आत कुणी जाऊ शकत नाही. सर्व्हरच्या बाबतीत होते ते नेमके हेच.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची कामे करून देणारा संगणक. तुमच्या पतसंस्थेच्या खिडकीतला कारकून नाव टाइप करतो, तेव्हा खातेवही त्याच्या टेबलावरच्या यंत्रात नसते. ती आतल्या खोलीतल्या, किंवा शेकडो मैल दूर असलेल्या सर्व्हरमध्ये असते. असे हजारो सर्व्हर एका छताखाली ठेवणाऱ्या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आपल्या रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे अवाढव्य डेटा सेंटर सुरू झाले. सात हजारांहून अधिक मांडण्या, म्हणजे रॅक, बसतील एवढी त्याची क्षमता. तिथल्या यंत्रांसमोर कुणी खुर्ची टाकून बसत नाही. बहुतेकांना पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. त्यांची देखभाल करणारा माणूस पुण्यात, बंगळुरात किंवा आपल्या घराच्या पडवीतही असू शकतो. तो तारेवरून आत शिरतो, काम करतो आणि बाहेर पडतो.

हे तारेवरून शिरणे पूर्वी फार उघडेवाघडे होते. परवलीचा शब्द वाटेत कुणालाही वाचता येई. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच शब्द चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू यलोनेन या संशोधकाने एसएसएच नावाची बंदिस्त वाट तयार केली. आजही जगभरातले असंख्य सर्व्हर याच वाटेने हाताळले जातात. ही वाट बावीस क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. इथे पोर्ट म्हणजे आपले बंदर नव्हे, तर यंत्राला असलेल्या हजारो क्रमांकित दारांपैकी एक दार. विंडोजच्या सर्व्हरना रिमोट डेस्कटॉप नावाची तशीच वेगळी वाट आहे. दाराशी एक द्वारपाल, म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅम, सतत बसलेला असतो. आलेल्याची ओळख पटली की तो आत सोडतो.

मग चाललेल्या यंत्राला हात लावायचाच कशाला? कारण सॉफ्टवेअर माणसे लिहितात आणि त्यात भोके राहतात. भोक सापडले की ते बुजवणारी सुधारणा, म्हणजे अपडेट, निघते. ती लावली नाही तर भोक चोरांनाही ठाऊक झालेले असते. होडीला दरवर्षी डांबर लावावेच लागते. अपडेट टाळणे हा उपाय नाही, हे आधी सांगून ठेवतो. नाहीतर माझे बोलणे ऐकून कुणी यंत्राला हातच लावणार नाही.

अपडेटनंतर दार बंद होण्याची कारणे मोजकी आहेत. पहिले, अपडेट पुरे करण्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते आणि ते उठतच नाही. दुसरे, यंत्र उठते, पण बाहेरच्या जाळ्याशी जोडले जात नाही. तार जोडणाऱ्या भागाचे नाव नव्या आवृत्तीत बदललेले असते आणि जुनी मांडणी जुन्याच नावाची वाट पाहत बसते. तिसरे, जाळे जोडले जाते, पण फायरवॉल नावाचा पहारा नव्या नियमांनुसार ते दार बंद करून टाकतो. चौथे, पहारा सोडतो, पण द्वारपाल जागेवर नसतो. त्याला दिलेल्या सूचनांतली एखादी जुनी ओळ नव्या द्वारपालाला कळत नाही, म्हणून तो कामावरच येत नाही. पाचवे, द्वारपाल हजर असतो, पण तुमची किल्ली आता त्याला चालत नाही.

हे पाचवे कारण फार वेळा घडलेले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपन-एसएसएच या सर्वाधिक वापरातल्या प्रोग्रॅमच्या ८.८ या आवृत्तीने जुन्या, कच्च्या ठरलेल्या एका प्रकारची स्वाक्षरी स्वीकारणे बंद केले. हेतू चोख होता, पण ज्यांची यंत्रे तेवढी एकच स्वाक्षरी जाणत होती ती बाहेर राहिली. त्याआधी ८ मे २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-अपडेटने असे ठरवले, की ज्या सर्व्हरवर आधीची दुरुस्ती बसलेली नाही त्याच्याशी रिमोट डेस्कटॉपने बोलायचेच नाही. सकाळी कामाला बसलेल्यांचे स्वतःचे संगणक रात्रीत अपडेट झाले होते, दूरचे सर्व्हर झाले नव्हते. ते सर्व्हर दुरुस्त करायचे तर आत शिरायला हवे, आणि शिरायचे तर ते आधी दुरुस्त असायला हवेत! असा तो पेच होता.

अशा वेळी शोध कसा घ्यायचा? जाणकार माणूस आपल्याकडून सुरुवात करतो आणि एकेक पाऊल यंत्राकडे जातो. आधी स्वतःचे इंटरनेट चालू आहे ना, हे पाहतो. दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या जोडणीने प्रयत्न करतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. मग यंत्राला नुसती हाक मारतो. या हाकेला पिंग म्हणतात. माइक म्यूस या अमेरिकन तंत्रज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. हाकेला ओ आली तर यंत्र जागे आहे आणि जाळ्यावर आहे. ओ आली नाही म्हणून मात्र ते मेले असे समजू नये. कित्येक यंत्रांना अनोळखी हाकेला ओ न देण्याची शिकवण दिलेली असते.

यानंतर दार ठोठवायचे आणि उत्तर नीट ऐकायचे. इथेच घाई करणारा फसतो. त्याला पडद्यावर फक्त ‘जमत नाही’ एवढेच दिसते. प्रत्यक्षात नकार तीन प्रकारचे असतात. पहिला नकार तत्काळ येतो, ‘जोडणी नाकारली’. याचा अर्थ घर उभे आहे, घरात जाग आहे, पण त्या दाराशी द्वारपाल बसलेला नाही. बहुतेक वेळा तो प्रोग्रॅम सुरूच झालेला नसतो. दुसऱ्या प्रकारात काहीच उत्तर येत नाही. वाट पाहून पाहून वेळ संपते. म्हणजे यंत्र उठलेले नाही, ते जाळ्यावर नाही, किंवा वाटेतला पहारा तुमची चिठ्ठी मुकाट्याने फाडून टाकतो आहे. तिसरा नकार बोलका असतो, ‘परवानगी नाही’. ही खरे तर अर्धी आनंदाची बातमी. यंत्र, जाळे, पहारा, द्वारपाल सगळे ठीक आहे. प्रश्न फक्त तुमच्या किल्लीचा किंवा नावाचा उरला. डॉक्टर ताप पाहून थांबत नाही, तो थंडी वाजून येतो की घाम येऊन जातो हे विचारतो. इथेही नकाराची जात ओळखली की निम्मे निदान झाले.

माझा एक भाचा पुण्यात हेच काम करतो. आपल्या किनाऱ्यावरच्या एका लहान पतसंस्थेचा सर्व्हरही तो फावल्या वेळात सांभाळतो. ईदला घरी आला तेव्हा त्याने एक प्रसंग सांगितला. दिवस जुलैअखेरचे. पावसाळी मासेमारीबंदी उठायची होती आणि सकाळी दहाला खिडकी उघडली की होडीवाले डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी पैसे काढायला येणार होते. दिवसा काम अडू नये म्हणून त्याने रात्री दहाला अपडेट लावले. यंत्र बंद झाले, पुन्हा सुरू झाले असावे, पण हाकेला ओ येईना. ‘मामू,’ तो म्हणाला, ‘तो मेला असता तरी परवडलं असतं. जिवंत आहे की नाही तेच कळत नव्हतं.’

पुण्याहून यायचे तर रात्रीचा, पावसातला घाट. त्याने संस्थेच्या शिपायाला फोन लावला. शिपाईकाका जेवून झोपायच्या बेतात होते. छत्री घेऊन गेले, शटर उघडले, कपाटावरचा जुना मॉनिटर आणि कळफलक यंत्राला जोडला.

‘काका, काय दिसतंय?’

‘काळा पडदा. पांढरी इंग्रजी अक्षरं. खाली एक रेघ उघडझाप करतेय.’

म्हणजे यंत्र उठलेले होते आणि ओळख विचारत होते. पहिली शंका मिटली.

‘मागे जिथे वायर खोचलीय तिथे दिवा आहे?’

‘आहे. हिरवा. मधूनच डोळा मारतो.’

म्हणजे तारही ठीक होती. राहिले ते दुसरे कारण. अपडेटने तार जोडणाऱ्या भागाचे नाव बदलले होते आणि यंत्राचा पत्ता जुन्या नावावर लिहिलेला होता. टपाल आले तरी घ्यायला त्या नावाचे कुणी नव्हते. भाच्याने फोनवर एकेक अक्षर सांगितले आणि काकांनी ते एका बोटाने टाइप केले. ‘एन, नारळातला न. पी, पापलेटातला प.’ काका सातवी शिकलेले. अक्षर दिसेल तसे सांगत, न कळले तर त्याचे वर्णन करत, ‘उलटा सात आहे’, ‘दोन टिंबं आहेत’. पाऊण तासाने पुण्यातल्या पडद्यावर ओ आली. भाच्याने पहिले काम केले ते फोनवर सांगावा लागलेला परवलीचा शब्द बदलण्याचे. सकाळी दहाला खिडकी उघडली तेव्हा रांगेतल्या कुणालाही रात्री काही घडल्याचा पत्ता नव्हता.

या गोष्टीत यंत्र वाचले ते दुसऱ्या वाटेने. मोठ्या डेटा सेंटरमध्ये शिपाईकाकांच्या जागी आणखी एक युक्ती असते. चांगल्या सर्व्हरच्या पोटात एक छोटा, स्वतंत्र संगणक असतो आणि त्याला स्वतंत्र तार असते. मुख्य यंत्र बेशुद्ध असले तरी या छोट्या यंत्रातून त्याचा पडदा दिसतो, ते बंद-चालू करता येते. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपन्याही अशी मागल्या दाराची सोय देतात. तिथून आत गेले की पहिले काम नोंदवही वाचण्याचे. काय बिघडले ते यंत्राने बहुधा लिहून ठेवलेले असते. लिनक्सचे बहुतेक प्रकार अपडेट करताना आधीचा गाभा फेकून देत नाहीत. सुरू होताना यादीतून जुना निवडता येतो. तो निवडून यंत्र उभे करायचे आणि मग शांतपणे नव्यातली खोट शोधायची.

ही दुसरी वाट मात्र पहिल्या वाटेवर अवलंबून नसली पाहिजे. नाहीतर काय होते ते ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री जगाने पाहिले. फेसबुकच्या जाळ्यावर नेहमीची देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची सगळी डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. अशी आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच दोष होता. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुकबरोबर व्हॉट्सअॅपही गेले. आपल्याकडे ही वेळ आखातातून घरी फोन येण्याची. इथल्या कित्येक घरांत त्या रात्री आपलाच फोन बिघडला म्हणून तो पुन्हा पुन्हा बंद-चालू केला गेला असेल. तिकडे अभियंत्यांना दुरून आत शिरता येईना, कारण संकटकाळासाठी राखून ठेवलेली वेगळी वाटही त्याच वेळी निकामी झाली होती. शेवटी माणसे प्रत्यक्ष इमारतींत पाठवावी लागली. आणि त्या इमारती परक्याला सहज शिरता येऊ नये अशाच बांधलेल्या, त्यामुळे आपल्यांनाही वेळ लागला. सगळे सुरळीत व्हायला सुमारे सहा तास गेले.

दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक ही संगणकांना राखण पुरवणारी अमेरिकन कंपनी. तिने एक छोटी फाइल जगभर पाठवली, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. त्या राखणदार प्रोग्रॅमला वीस नोंदी पुरवलेल्या होत्या. नवी फाइल एकविसावी मागत होती. नसलेली नोंद वाचायला गेलेला प्रोग्रॅम कोसळला आणि विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्याने त्याने सगळे यंत्रच पाडले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवत होती. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांची नोंद हाताने करायची पाळी आली. देशात काही ठिकाणी विमानात चढण्याचे पास पेनाने लिहून देण्यात आले.

चूक दीड तासाच्या आत दुरुस्त झाली, तरी यंत्रे दिवसेंदिवस का अडली? कारण पडलेले यंत्र जाळ्यावर येण्याआधीच पुन्हा पडत होते. दुरुस्ती पाठवायची कुठे? एकेका यंत्रापुढे माणूस जाऊन बसला, त्याने ते सुरक्षित अवस्थेत सुरू केले, ती एक फाइल पुसली आणि तो पुढच्या यंत्राकडे गेला. ज्या यंत्रांची तबकडी कुलूपबंद होती त्यांनी ४८ आकडी किल्ली मागितली; आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी त्याच वेळी पडलेल्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये होती. तिजोरीची किल्ली तिजोरीत, असा तो प्रकार.

जिथे माणूस जाऊच शकत नाही तिथली गोष्ट आणखी कठीण. अमेरिकेचे व्हायकिंग-१ हे यान जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरले आणि सहा वर्षे उत्तम चालले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याची बॅटरी अधिक चांगली भारली जावी म्हणून नवे सॉफ्टवेअर पाठवले गेले. त्यातली माहिती चुकून अँटेना कुठे वळवायची या नोंदींवर लिहिली गेली. यानाने पृथ्वीकडे पाठ फिरवली आणि ते पुन्हा कधी बोलले नाही. मंगळावर शिपाईकाका नव्हते.

याउलट व्हॉयेजर-२. २१ जुलै २०२३ रोजी चुकीच्या आज्ञेमुळे त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी ढळली. यान जवळजवळ वीस अब्ज किलोमीटर दूर. संदेश एका बाजूने पोचायलाच साडेअठरा तास. कॅनबेराच्या मोठ्या तबकडीतून जोराची हाक मारली गेली आणि ४ ऑगस्टला ओ आली. पण ती हाक वाया गेली असती तरी आशा होती. ते यान वर्षातून काही वेळा आपोआप आपली दिशा नव्याने जुळवते, आणि पुढची तारीख १५ ऑक्टोबर ठरलेली होती. कुणी तरी फार आधी विचार करून ठेवला होता, की हे कधी वाट चुकलेच तर काही दिवसांनी आपणहून घराकडे तोंड करील.

हीच युक्ती जमिनीवरही वापरता येते. जाळ्यातल्या काही मोठ्या यंत्रांना, उदाहरणार्थ जुनिपर कंपनीच्या राउटरना, सांगता येते की ‘हा बदल कर, पण दहा मिनिटांत मी होकार दिला नाही तर पूर्वीसारखे कर.’ दार बंद झाले तर होकार देता येत नाही आणि दहा मिनिटांनी ते आपोआप उघडते. आणखी काही साध्या रीती आहेत. द्वारपालाच्या सूचना बदलल्या की त्यांचे व्याकरण आधी तपासून घ्यावे. तशी सोय असते. आत असताना द्वारपाल नव्याने सुरू केला, तर आपण ज्या वाटेने आत आलो ती लगेच तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन पाहावे आणि ते जमले तरच पहिली वाट सोडावी. दहा यंत्रे असतील तर आधी एकाला अपडेट लावावे, एक दिवस पाहावे, मग उरलेल्यांना. आणि सुटीच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नये.

या शहाणपणाचा एक जुना नमुना आपल्या अलिबागेत उभा आहे. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ मध्ये काम सुरू झाले. पण नवी सुरू झाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, ताडून पाहिल्या गेल्या, आणि मगच कुलाब्यातले हे काम थांबले. त्यामुळे नोंदींची ती साखळी तुटली नाही. संगणकाचे नाव कुणी ऐकले नव्हते त्या काळात हे बदल करायचे शास्त्र माहीत होते.

एक इशारा द्यायला हवा. दुसरी वाट ठेवायची म्हणजे मागचे दार सताड उघडे टाकायचे असे नव्हे. शेजाऱ्याकडे किल्ली देताना शेजारी कोण ते आपण पाहतो. दुरून शिरण्याची वाट साऱ्या जगाला उघडी ठेवून सोपा परवलीचा शब्द लावणाऱ्या संस्था चोरांचे काम हलके करतात. दुसऱ्या वाटेलाही तितकेच भक्कम कुलूप हवे, आणि तिची किल्ली कागदावर लिहून बंद पाकिटात, वेगळ्या इमारतीत ठेवलेली हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावांत वीज आणि मोबाइल अनेक दिवस बंद होते. त्या दिवसांत उपयोगी पडला तो कागद, आणि चालत जाऊ शकणारा माणूस.

आपली पतसंस्था, आपली मच्छीमार सोसायटी, आपले वाचनालय, आपल्या गावचा दवाखाना आता यंत्रावर चालतात. त्यांच्या वार्षिक सभेला आपण जातो, चहा पितो, अहवाल मंजूर करतो. पुढच्या सभेत चार प्रश्न विचारून पाहा. आपला सर्व्हर कुठे आहे? त्याची देखभाल करणाऱ्याला आत शिरता आले नाही तर दुसरी वाट कोणती, आणि ती शेवटची कधी वापरून पाहिली? कालच्या नोंदींची प्रत कुठे ठेवलेली आहे? आणि रात्री अकरा वाजता त्या खोलीचे शटर कोण उघडील, त्याचा फोन नंबर कुठे लिहिलेला आहे, त्याला या कामाचे काही मिळते का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुण्याहून, मुंबईहून मागवता येतील. चौथ्याचे उत्तर सभेच्या दाराशी खुर्च्या लावत उभे असण्याचीच शक्यता अधिक.